पावसाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचें फर्मवेअर बदलतांना

आपल्या तालुक्यांत हिंडतांना एखाद्या ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारांत तारेच्या कुंपणाआड उभा असलेला उंच खांब वाचकांनीं पाहिला असेल. त्यावर वाऱ्यानें फिरणाऱ्या तीन वाट्या, एक सौर पट्टी, एक पांढरी पेटी आणि बाजूस पावसाचें नरसाळें असतें. 2017 सालापासून राज्याच्या कृषि खात्यानें ‘महावेध’ प्रकल्पाखालीं महसूल मंडळागणिक अशीं दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रें उभारविलीं. त्यांत दर दहा मिनिटांस उष्णमान, आर्द्रता, वारा व पाऊस यांची नोंद होते. चोवीस तासांत मंडळांत 65 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला कीं अतिवृष्टि झाली असें धरून पंचनाम्याचें काम सुरू होतें. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत आंबा-काजूच्या बागाइतदारास भरपाई मिळावयाची कीं नाहीं, तेंही केंद्राच्या आंकड्यांवरच ठरतें. एके काळीं जें काम मामलेदार कचेरींतील कारकून सकाळीं साडेआठ वाजतां कांचेच्या मापानें करीत असे, तें आतां त्या पांढऱ्या पेटींतील यंत्र करतें. मीं तें काम हातानें केलें आहे. म्हणून त्या यंत्राविषयीं मला थोडा भाऊपणाही वाटतो आणि थोडी भाऊबंदकीही.

पेटींतील मुख्य यंत्रास डेटा लॉगर म्हणतात. या लेखांत त्यास नोंदयंत्र म्हणूं. नरसाळ्यांतून उतरलेलें पाणी आंत एका लहान दांडीच्या दोन टोकांस बसविलेल्या पळ्यांपैकीं एकींत पडतें. ती भरली कीं दांडी कलते, पाणी सांडून जातें व दुसरी पळी वर येते. दांडी कलली कीं दर वेळीं विजेचा एक ठोका नोंदयंत्राकडे जातो. यंत्रास पाऊस दिसत नाहीं. त्यास ठोके तेवढे मोजतां येतात. एक ठोका म्हणजे 0.2 मिलिमीटर कीं 0.5 मिलिमीटर हें पळीच्या व नरसाळ्याच्या घडणीवर अवलंबून असतें, आणि तो गुणक माणसानें यंत्रास सांगून ठेवावा लागतो. ठोके कसे मोजावे, गुणकानें कसे गुणावे, घड्याळ कसें चालवावें, दहा मिनिटांची बेरीज कोठें लिहावी, ती दूरच्या संगणकाकडे केव्हां धाडावी, हें सर्व ज्या आज्ञावलींत लिहिलेलें असतें ती आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. ती यंत्राच्या पोटांतील चिपमध्यें बसविलेली असते व वीज गेली तरी पुसली जात नाहीं. कचेरीच्या भाषेंत सांगावयाचें तर यंत्र हा कारकून, नोंदी हें त्याचें दप्तर, गुणक व केंद्राचा क्रमांक ह्या त्याच्या टेबलावरच्या चिठ्ठ्या, आणि फर्मवेअर म्हणजे त्यास दिलेले स्थायी हुकूम. हुकूम बदलतांना चिठ्ठ्या केरांत गेल्या आणि दप्तरही नाहींसें झालें, असें माणसांच्या कचेरींत सहसा होत नाहीं. यंत्रांत होतें.

मग हे हुकूम बदलावेच कशाला? चालतें आहे तें चालूं द्यावें हा आपला शेतकऱ्याचा स्वभाव आहे, व पुष्कळ वेळां तो बरोबरही असतो. केवळ नवी आवृत्ति निघाली एवढ्याच कारणानें फर्मवेअर बदलूं नये असें माझें मत आहे. परंतु कांहीं वेळां बदलल्यावांचून गत्यंतर नसतें. कित्येक नोंदयंत्रें आपली वेळ जी. पी. एस. उपग्रहांवरून घेतात. हे उपग्रह आठवड्यांचा जो क्रमांक कळवीत आले आहेत तो 0 पासून 1023 पर्यंतच जातो व मग पुन्हां शून्यावर येतो. अशी एक फेरी ऑगस्ट 1999 मध्यें व दुसरी 6 एप्रिल 2019 रोजीं पुरी झाली. ज्या जुन्या यंत्रांत या फेरीची सोय केलेली नव्हती त्यांची तारीख एकदम साडेएकोणीस वर्षांहून अधिक मागें जाण्याचा धोका होता, आणि त्यावर नवें फर्मवेअर हाच उपाय होता. बेरजेंतील एखादी चूक कारखानदाराच्या ध्यानांत आली, किंवा परक्या माणसास आंत शिरतां येईल अशी फट सांपडली, तरीही बदल करावाच लागतो.

आतां माझ्या फजितीची हकीकत सांगतों. आमच्या वाडीजवळ आम्हां चार बागाइतदारांनीं वर्गणी करून असें एक खासगी यंत्र बसविलें आहे. एका जुलै महिन्यांत, पाऊस घटकाभर उघडला असतां, विक्रेत्याचा तंत्रज्ञ मुलगा नवें फर्मवेअर घालण्यास आला. “काका, पांच मिनिटांचं काम आहे,” असें तो म्हणाला आणि पांच मिनिटांतच तें केलेंही. मीं त्यास चहा दिला, पण एकही प्रश्न विचारला नाहीं. चौथ्या दिवशीं सकाळीं माझ्या हातमापांत 72 मिलिमीटर पाऊस भरला, यंत्रानें 28.8 दाखविला. प्रथम मला माझ्याच मापाची शंका आली, कारण यंत्राशीं वाद घालण्याची कारकुनास संवय नसते. मग कागद घेऊन भागाकार करून पाहिला. 28.8 ला 0.2 नें भागलें तर 144 येतात आणि 144 ला 0.5 नें गुणलें तर 72. ठोके बरोबर मोजले गेले होते. आमच्या यंत्राची पळी 0.5 ची; परंतु नवें फर्मवेअर बसतांना आमचा गुणक पुसला जाऊन कारखान्याचा मूळचा 0.2 त्या जागीं आला होता. याहून वाईट असें कीं मोबाइलची रेंज नसल्यानें मागील 23 दिवसांच्या नोंदी यंत्राच्या मेमरींतच पडून होत्या, त्या उतरून न घेतल्यामुळें सगळ्या पुसल्या गेल्या. रोजची बेरीज माझ्या वहींत होती. पण कोणत्या तासांत किती कोसळला हें वहीस काय ठाऊक?

आमच्या यंत्राचा आंकडा सरकारी कामांत धरला जात नाहीं, म्हणून कोणाचें नुकसान झालें नाहीं. परंतु तेंच यंत्र मंडळाचें असतें तर? 72 हा आंकडा 65 च्या वर आहे आणि 28.8 हा पुष्कळच खालीं. भात आडवें झालेल्या शेतांत उभा राहून शेतकरी अतिवृष्टि झाली म्हणता आणि कागद नाहीं म्हणता. कचेरींत कागदाचें चालतें, हें मीं नोकरीभर पाहिलें आहे.

यांतील गुणकाची चूक पुढें दुरुस्त करतां आली. ती कोणत्या दिवशीं व किती वाजतां शिरली हें आम्हांस ठाऊक होतें, म्हणून तेव्हांपासूनच्या आंकड्यांस अडीचनें गुणतांच काम भागलें. तारीख ठाऊक नसती तर खरा आंकडा कोठें संपला व खोटा कोठें सुरू झाला हें शोधण्यांत सारा पावसाळा गेला असता. फर्मवेअर बदलण्यांत यंत्र बिघडण्याची भीति लोकांस फार वाटते. यंत्र बिघडलें तर तें कळतें तरी. यंत्र ठाकठीक चालत राहून नोंदीचा धागा तुटला तर तें वर्षानुवर्षे कळत नाहीं.

हा धागा कसा जपावा याचें उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. नवीन पनवेलला कळंबोलीजवळ भारतीय भूचुंबकत्व संस्थान आहे; त्याच्याकडे अलिबागची चुंबकीय वेधशाळा येते. या वेधशाळेचें मूळ घर मुंबईस कुलाब्याला होतें. तेथील वेधशाळा 1826 सालीं स्थापन झाली व 1841 पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें घेतलीं जाऊं लागलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईची ट्राम घोड्यांऐवजीं विजेवर चालविण्याचें ठरलें. ट्रामच्या रुळांतून जमिनींत झिरपणाऱ्या विजेनें वेधशाळेच्या नाजूक सुया हालल्या असत्या, म्हणून निरीक्षणाचें ठाणें समुद्रापलीकडे अलिबागेस नेण्याचें ठरलें. डॉ. नानाभाई मूस हे तेव्हां वेधशाळेचे संचालक होते. त्यांनीं कुलाब्याचें काम बंद करून अलिबागचें सुरू केलें नाहीं. 1904 मध्यें अलिबागेस काम सुरू झालें आणि 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणचीं निरीक्षणें बरोबरच चाललीं. कुलाब्याचा अमुक आंकडा म्हणजे अलिबागचा किती, हें दोन वर्षें ताडून पाहिलें आणि मगच कुलाब्याच्या सुया थांबविल्या. विजेची ट्राम 7 मे 1907 रोजीं धांवली. घाई कोणास नव्हती असें नव्हे. तयारी आधीं केली होती.

याचें फळ काय मिळालें? 2 सप्टेंबर 1859 रोजीं सूर्यावरील उत्पातामुळें पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालें, तेव्हां कुलाब्याच्या नोंदींत सुमारें 1600 नॅनोटेस्लाची घट टिपली गेली. त्या वादळाचा जोर किती होता हें ठरविण्यास शास्त्रज्ञांनीं 2003 सालीं, म्हणजे 144 वर्षांनंतर, हीच नोंद आधारास घेतली. ज्यानें ती लिहिली त्यास तिचा असा उपयोग होईल हें स्वप्नांतही आलें नसेल. आपल्या मंडळाच्या पावसाच्या आंकड्यांचेंही तसेंच आहे. आज ते पंचनाम्यास लागतात. पन्नास वर्षांनीं नातवास कोणत्या जातीचें भात पेरावें हें ठरविण्यास लागतील.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पहिली गोष्ट ऋतूची. पावसाळ्यांत पेटी उघडूं नये. दमट हवा आंत शिरते आणि नोंदीही नेमक्या त्याच काळांत मोलाच्या असतात. आंब्याच्या मुलखांत मोहोरापासून फळ उतरेपर्यंतचा काळही वर्ज्य, कारण विम्याचा जीव त्याच दिवसांत अडकलेला असतो. म्हणजे कोंकणांत दिवाळी आटोपल्यावर व मोहोर येण्यापूर्वीं जे थोडे आठवडे मिळतात तेच सोयीचे. त्यांतही सकाळची साडेआठची नोंद होऊं द्यावी, ऊन चढूं द्यावें, सौर पट्टीनें बॅटरी नीट भरली आहे व ती 12.5 व्होल्टांच्या वर आहे हें पाहावें आणि मग पेटीस हात लावावा.

हात लावण्यापूर्वीं मेमरींतील सर्व नोंदी उतरून घ्याव्या व त्या दोन ठिकाणीं ठेवाव्या. उतरलेली फाईल लगेच उघडून शेवटची ओळ वाचावी. फाईल उतरली पण आंत कांहींच नाहीं, असा अनुभव पुष्कळांस आहे. नंतर यंत्राच्या सगळ्या चिठ्ठ्या, म्हणजे गुणक, केंद्राचा क्रमांक, नोंदीचें अंतर, घड्याळाची पद्धत, आंकडे धाडण्याचा पत्ता, वहींत हातानें लिहून घ्याव्या. पडद्याचें छायाचित्रही काढावें. पण वही सोडूं नये. यंत्राचा अनुक्रमांक व आंतील पट्टीची आवृत्ति तपासावी. एकाच नांवाच्या दोन यंत्रांची घडण निराळी असूं शकते, आणि एकाचें फर्मवेअर दुसऱ्यास घातलें तर तें उठतच नाहीं. चालू असलेल्या जुन्या फर्मवेअरची फाईलही जवळ असावी, म्हणजे माघार घेतां येते. नव्या आवृत्तीबरोबर कारखानदार एक टिपण देतो; नोंदी पुसल्या जातील कीं काय हें त्यांत बहुधा लिहिलेलें असतें. तें कोणी वाचीत नाहीं. वाचावें.

फाईल वाटेंत बिघडली नाहीं हें पाहण्याची एक सोपी युक्ति आहे. जुन्या हिशेबांत प्रत्येक पानाखालीं तेरीज मांडीत. पानांतला एक आंकडा चुकला तरी तेरीज जुळत नसे. फर्मवेअरच्या फाईलचीही अशीच तेरीज कारखानदार प्रसिद्ध करतो व तीस चेकसम म्हणतात. आपल्याकडे उतरलेल्या फाईलचा चेकसम संगणकाकडून काढवून तो कारखानदाराच्या चेकसमशीं अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. एक अक्षर जरी निराळें असलें तरी ती फाईल टाकून द्यावी.

बदल चालू असतां मध्येंच वीज तुटणें हें सर्वांत मोठें संकट. नव्या धाटणीच्या पुष्कळ यंत्रांत फर्मवेअरसाठीं दोन जागा असतात. नवें दुसऱ्या जागीं लिहिलें जातें, तपासलें जातें आणि मगच यंत्र तिकडे वळतें. मध्यें घात झाला तर जुनें शाबूत असतें. ज्या यंत्रांत एकच जागा असते त्यांत जुनें पुसूनच नवें लिहावें लागतें, व तेवढ्यांत केबल हालली कीं यंत्र मृतवत् होऊन कारखान्यांत धाडावें लागतें. आपलें यंत्र कोणत्या जातीचें हें आधीं विचारावें. एकाच जागेचें असेल तर मोबाइलवरून दुरून बदल करूं देऊं नये. जवळ बसून, केबल लावून, लॅपटॉपची बॅटरी भरलेली पाहून व तो मध्येंच झोपी जाणार नाहीं अशी तजवीज करूनच काम करावें. काम अडल्यासारखें वाटलें तरी टिपणांत दिलेली मुदत संपेपर्यंत बटण दाबूं नये.

अनेक यंत्रें असतील तर सगळ्यांचें एकाच दिवशीं कधींही करूं नये. 19 जुलै 2024 रोजीं संगणकांच्या रक्षणासाठीं धाडलेली एक सदोष दुरुस्ती जगांतील सुमारें 85 लाख संगणकांवर एकदम पोंचली व ते बंद पडले. आपल्या देशांतील विमानतळांवरही कित्येक प्रवाशांस प्रवेशपत्रें हातानें लिहून द्यावीं लागलीं. हातानें लिहिणाऱ्याचा भाव त्या एका दिवशीं वधारला. आधीं एका यंत्रावर करावें, पंधरा दिवस पाहावें, मग दुसऱ्यावर.

बदल झाल्यावरचें काम बदलाहून मोठें आहे, आणि तेंच टाळलें जातें. प्रथम घड्याळ पाहावें. कांहीं यंत्रें जागतिक प्रमाण वेळ धरतात. ती आपल्या वेळेच्या साडेपांच तास मागें असते. आपला पर्जन्यदिन सकाळीं साडेआठला संपतो, म्हणजे त्या घड्याळांत तीन वाजतां. घड्याळाची ही पद्धत गुपचूप बदलली तर पहांटेचा पाऊस भलत्याच दिवसाच्या खात्यावर पडतो, आणि 65 चा आंकडा दोन दिवसांत वांटला जाऊन दोहोंतही नाहींसा होतो. (मुंबईनें देशाच्या प्रमाण वेळेहून 39 मिनिटें मागें असलेली आपली निराळी वेळ 1955 पर्यंत धरून ठेवली होती, त्या काळच्या नोंदी वाचणारास हा त्रास नवा नाहीं.) मग वहींतील चिठ्ठ्या एकेक करून यंत्राशीं ताडाव्या. नंतर पाणी ओतून पाहावें. नरसाळ्याच्या तोंडाचें क्षेत्र 200 चौरस सेंटिमीटर असेल तर 200 मिलिलिटर पाणी म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस, 0.5 च्या पळीस त्याचे वीस ठोके पडले पाहिजेत. पाणी थेंबथेंब, निदान अर्ध्या तासांत ओतावें. भसकन ओतल्यास पळीस सांवरतां येत नाहीं व ठोके कमी पडतात. ही नोंद ‘चाचणी’ म्हणून खुणावून ठेवण्यास मात्र विसरूं नये. नाहीं तर कोरड्या कार्तिकांत दहा मिलिमीटर अवकाळी पाऊस पडल्याचें कागदोपत्रीं कायम होईल.

कोरड्या दिवसांत बदल केल्यामुळें खऱ्या पावसाची तुलना तेव्हां होत नाहीं, ही या ऋतूची अडचण आहे. उष्णमान शेजारच्या साध्या थर्मामीटरशीं लगेच ताडतां येतें. पावसाचें हातमाप मात्र जूनपर्यंत तयार ठेवून पहिले पंधरा पावसाळी दिवस दोन्ही आंकडे एकाच पानावर लिहावे. हातमाप सपाट जागीं, झाडापासून दूर ठेवावें. कांचेच्या नळींतील पाणी डोळ्याच्या पातळीवर धरून वांकाचा खालचा कांठ वाचावा. दोन्हींत थोडा फरक राहतोच, जोराच्या सरींत पळीचें यंत्र थोडें कमी दाखवितें. परंतु तो फरक रोज सारखाच प्रमाणांत असला पाहिजे.

आणि हें सर्व वहींत चढवावें. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचें नांव आपण खोडून टाकीत नाहीं. त्यास कंस करून फेरफाराचा क्रमांक लिहितों, म्हणून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हें कोणासही मागें जाऊन वाचतां येतें. फर्मवेअर बदलणें हाही फेरफारच आहे. जुनी आवृत्ति, नवी आवृत्ति, तारीख, वेळ, यंत्र किती मिनिटें बंद होतें, कोणी केलें, चाचणींत किती ठोके पडले, एवढें एका ओळींत येतें.

सरकारी केंद्राच्या पेटीस आपण हात लावावयाचा नाहीं हें सांगणें नकोच. परंतु मंडळाचा आंकडा व आपलें हातमाप यांत एकाएकीं मोठी तफावत पडूं लागली, तर तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून त्या केंद्राची दुरुस्ती किंवा फर्मवेअर-बदल कोणत्या तारखेस झाला हें विचारावें. 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यान्वयेंही तें विचारतां येतें. अर्जास आपल्या वहीच्या पानांची नक्कल जोडावी. नुसतें ‘यंत्र खोटें आहे’ असें लिहिलेले अर्ज मीं नोकरींत पुष्कळ पाहिले, व ते कोठें जातात हेंही पाहिलें.

आमच्या यंत्रांत गेल्या दिवाळीनंतर पुन्हां एकदां नवें फर्मवेअर घातलें. तोच मुलगा आला होता. यावेळीं त्यानें आपलीही वही आणली होती आणि काम अडीच तास चाललें. पाण्याच्या पहिल्या चाचणींत वीसाऐवजीं सतराच ठोके पडले. नवें फर्मवेअरच चुकलें असें आम्हां दोघांस वाटलें. नरसाळें काढून पाहिलें तों पळीखालीं कोळ्यानें घर केलेलें. तें झाडून पुन्हां पाणी ओतलें, तेव्हां वीस भरले. पहिल्या सरीचे आंकडे ताडण्यासाठीं वहीचें पुढचें पान आंखून ठेवलें आहे.